स्वतंत्र रॉक बँडचे ‘सिंगल’ : प्रकाशन, नोंद आणि हक्क

यशवंतपूर (बंगळुरू) : पंढरपूर आणि लातूर येथून थेट येणाऱ्या गाड्यांतून यशवंतपूर स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला रिक्षाथांब्यावर बंगळुरूची एक खास शब्दावली ऐकू येते : ‘मीटर मेले वन अँड हाफ’. कन्नडमधील ‘मेले’ म्हणजे ‘वर’. मीटरवर जो आकडा येईल त्याच्या दीडपट भाडे, असा या मागणीचा अर्थ. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दीडपट आकारणी अधिकृतच आहे. भर दिवसा तशी मागणी झाली की घासाघीस सुरू होते. अर्धे कन्नड आणि अर्धे इंग्रजी असलेले हे वाक्य शीर्षक म्हणून घेऊन ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ या बंगळुरूच्या रॉक बँडने एक गाणे रचले. २०१२ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ या तीन तबकड्यांच्या अल्बममध्ये ते समाविष्ट झाले. अल्बमच्या नावातील तीन चाकेही रिक्षाचीच.

चित्रपटाचा आधार नसलेली अशी गाणी श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे एकेकाळी जिकिरीचे होते. तबकडी छापणारा कारखाना, कॅसेट विकणारी कंपनी आणि दुकानदार यांच्या होकाराशिवाय गाणे प्रकाशित होत नसे. आज चार जणांचा बँड एखाद्या छोट्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करतो आणि काही दिवसांत ते जगभरच्या श्रवणसेवांवर उपलब्ध होते. मात्र प्रकाशन जितके सोपे झाले, तितकी गाण्याची नोंद, त्याचे श्रेय आणि त्याची जपणूक सोपी झालेली नाही. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे आणि मूळ प्रत कोणाकडे, या प्रश्नांची उत्तरे प्रकाशनापूर्वी लिहून ठेवली नाहीत, तर ती पुढे न्यायालयात शोधावी लागतात किंवा कायमची हरवतात. स्वतंत्र बँडच्या सिंगलच्या प्रकाशनाचे टप्पे, त्यामागील कायदा आणि बंगळुरूच्या रॉक परंपरेतील त्याची पार्श्वभूमी यांचा हा आढावा.

‘सिंगल’ म्हणजे काय

अल्बमपासून वेगळे, स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले एक गाणे म्हणजे सिंगल. या संकल्पनेचे मूळ तबकडीच्या मर्यादेत आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. बालगंधर्वांची रंगभूमीवर दीर्घकाळ रंगणारी नाट्यपदेही तबकडीवर त्याच मर्यादेत बसवावी लागली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादन तबकडी आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची छोटी तबकडी बाजारात आणली. रॉक संगीताचा प्रसार मुख्यतः या छोट्या तबकडीने केला. एका बाजूला अपेक्षित लोकप्रिय गाणे आणि दुसऱ्या बाजूला दुय्यम गाणे, ही पद्धत तेथून रूढ झाली. तबकडी इतिहासजमा झाली तरी साधारण तीन-चार मिनिटांचे गाणे हा संकेत टिकून राहिला.

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभकाळातील एक प्रसंग या विषयाशी थेट निगडित आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारले. मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांना ना भाषा कळे ना गायिकेची ओळख असे. लेबलवर कोणाचे नाव छापायचे हे त्यांना त्या उच्चारावरूनच समजे. आज डिजिटल फाइलसोबत कलावंताची माहिती जोडली जाते. तेच काम त्या वेळी गायिकेच्या स्वतःच्या आवाजाने केले होते.

बंगळुरूची रॉक परंपरा

महाराष्ट्रात रॉक संगीताचे केंद्र मुंबई राहिले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम प्रकाशित केला. १९९३ मध्ये या बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. पाश्चात्त्य बँडची गाणी हुबेहूब वाजवणे हीच यशाची कसोटी मानली जात असताना स्वतःच्या रचना घेऊन उभे राहणारे असे बँड मोजकेच होते. पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ महोत्सव सुरू झाल्यावर स्वतंत्र बँडना मोठा मंच मिळाला.

बंगळुरूची वाट काहीशी वेगळी होती. लष्करी छावणीचा वारसा, महाविद्यालयीन स्पर्धा आणि रेस्ट हाउस रोडवरील ‘पेकोज’सारखी रॉक वाजवणारी मद्यगृहे यांतून या शहराचा श्रोतृवर्ग घडला. १९९६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या ‘फ्रीडम जॅम’ने नवख्या बँडना विनामूल्य प्रवेशाचा मंच दिला. पॅलेस ग्राउंडवर २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’, २००७ मध्ये ‘आयर्न मेडन’ आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी ‘मेटॅलिका’ यांचे कार्यक्रम झाले. देशातील रॉक श्रोत्यांची राजधानी अशी शहराची ओळख त्यामुळे दृढ झाली.

‘थर्मल अँड अ क्वार्टर’ १९९६ मध्ये क्राइस्ट महाविद्यालयाच्या वातावरणात घडला. बँडचे नाव ही सदस्यांच्या मल्याळी मुळांवर केलेली कोटी आहे : तीन ‘मल’, म्हणजे मल्याळी, आणि एक चतुर्थांश. गिटारवादक-गायक ब्रूस ली मणी आणि ड्रमवादक राजीव राजगोपाल हे त्याचे दीर्घकाळचे आधारस्तंभ. आपल्या संगीताला ‘बंगळुरू रॉक’ म्हणवून घेणाऱ्या या बँडने संगीत शिकवणारी ‘टाकॅडमी’ ही संस्थाही उभी केली.

याच शहरातून वेगळ्या वळणाचे दोन प्रवाह निघाले. नाशिक येथे १९७४ मध्ये जन्मलेले आणि म्हैसूरमध्ये वाढलेले रघू दीक्षित यांनी कन्नड लोकपरंपरा आणि रॉक यांचा मेळ घातला. त्यांचा पहिला अल्बम २००८ मध्ये विशाल-शेखर यांच्या संगीतसंस्थेतर्फे प्रकाशित झाला. ‘स्वरात्मा’ या लोकरॉक बँडच्या २००९ मधील पहिल्या अल्बममध्ये ‘प्यासी’ हे कावेरी पाणीतंट्यावरचे गाणे आहे. त्यात नदीच बोलते. रिक्षाचे भाडे आणि नदीचे पाणी हे विषय चित्रपटगीतात क्वचितच येतात. आपल्या शहराचे प्रश्न आपल्या शब्दांत मांडण्याची मोकळीक हे स्वतंत्र संगीताचे खरे भांडवल आहे.

मंच गेला, ध्वनिमुद्रण उरले

बँडचे उत्पन्न प्रामुख्याने प्रत्यक्ष कार्यक्रमांतून येते. बंगळुरूत या उत्पन्नावर परवान्यांच्या प्रश्नाचे सावट दीर्घकाळ राहिले. सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर नियंत्रण ठेवण्यासाठी २००५ मध्ये काढलेल्या आदेशाविरुद्ध उपाहारगृहचालकांच्या संघटनेने दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २५ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने परवानापद्धती वैध ठरवली. त्यानंतर त्याच वर्षी पोलिसांनी परवाना नसलेल्या ठिकाणचे प्रत्यक्ष संगीत थांबवण्यास सुरुवात केली. मुळात डान्स बार आणि कॅबरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आदेशाची झळ गिटार घेऊन बसणाऱ्या गायकालाही लागली. रहिवाशांची रात्रीच्या आवाजाबाबतची तक्रारही निराधार नव्हती. या ओढाताणीत अनेक छोटे मंच मात्र बंद पडले.

सरावाचीही अडचण असतेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रमचा आवाज बंद दाराआडूनही ती सहज ओलांडतो. त्यामुळे भिंतींना ध्वनिरोधक आवरण केलेल्या, तासावर भाड्याने मिळणाऱ्या ‘जॅम रूम’ बँडसाठी आवश्यक ठरतात.

२०२० च्या महासाथीत उरलेले मंचही बंद झाले. अशा काळात ध्वनिमुद्रित सिंगल हाच बँड आणि श्रोता यांच्यातील दुवा राहिला. कार्यक्रम त्या रात्रीपुरता असतो. गाणे नीट नोंदवले असेल तर ते बँडच्या विघटनानंतरही उत्पन्न आणि ओळख देत राहते. म्हणूनच प्रकाशनाची प्रक्रिया समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

ध्वनिमुद्रणापासून प्रकाशनापर्यंत

सर्वसाधारणपणे सिंगल पाच टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात ड्रम, बेस, गिटार आणि गायन यांचे स्वतंत्र थर ध्वनिमुद्रित होतात. दुसरा टप्पा मिश्रणाचा. यात प्रत्येक थराची पातळी, स्थान आणि पोत ठरतो. तिसऱ्या टप्प्याला ‘मास्टरिंग’ म्हणतात. या वेळी तयार मिश्रणावर अखेरचा संस्कार होतो, जेणेकरून ते मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि मोठ्या ध्वनियंत्रणेवर सारखेच सुसह्य वाटावे. एकेकाळी आपले गाणे इतरांपेक्षा मोठ्या आवाजात ऐकू यावे यासाठी स्पर्धा चाले. स्पॉटिफायसारख्या सेवा आता सर्व गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस या समान श्राव्य पातळीवर आणतात. त्यामुळे आवाज अवाजवी चढवल्यास गाणे मोठे तर होत नाहीच, उलट त्यातील चढउतार मात्र नाहीसे होतात.

चौथ्या टप्प्यात ध्वनिफाइल, आवरणचित्र आणि माहिती वितरकाकडे दिली जाते. श्रवणसेवा सहसा एकेका बँडकडून थेट गाणे स्वीकारत नाहीत. वार्षिक शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा घेणारा वितरक ते सर्व सेवांना पाठवतो. पाचवा टप्पा प्रकाशनाच्या दिवसाचा. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीतासाठी शुक्रवार हा समान दिवस ठरला. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये सोमवार, तर अमेरिकेत मंगळवार प्रचलित होता. एका देशात प्रकाशित झालेले गाणे दुसऱ्या देशात अधिकृतपणे येण्याआधीच त्याच्या चोरट्या प्रती पसरत. सेवांच्या संपादकीय यादीसाठी गाणे सुचवायचे असल्यास ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पोहोचणे आवश्यक असते. अनुभवी बँड याहून बरीच अधिक मुदत हाताशी ठेवतात.

गाण्याची ओळख : बारा चिन्हांचा संकेतांक

चौथ्या टप्प्यावर दिली जाणारी माहिती अनेकदा घाईने भरली जाते आणि पुढील बहुतेक वादांचे मूळ तेथेच असते. तिचे महत्त्व यशवंतपूरच्याच उदाहरणाने समजते. रेल्वेच्या वेळापत्रकात या स्थानकाचे रोमन लेखन ‘व्ही’ हे अक्षर घेऊन होते. त्याच परिसरातील, १ मार्च २०१४ रोजी सुरू झालेल्या मेट्रो मार्गावरील स्थानकाच्या नावात ‘डब्ल्यू’ आणि जादा ‘एच’ येतात. लेखन बदलले तरी तिकिटाच्या यंत्रणेत गोंधळ होत नाही, कारण रेल्वेच्या लेखी या स्थानकाचा ‘वायपीआर’ हा संकेतांक कायम आहे.

ध्वनिमुद्रणालाही असाच संकेतांक असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाण ध्वनिमुद्रण संकेतांक किंवा ‘आयएसआरसी’ हा बारा चिन्हांचा असतो : दोन अक्षरी उपसर्ग, तीन चिन्हांची नोंदणीधारकाची ओळख, दोन अंकी वर्ष आणि पाच अंकी क्रमांक. गाण्याचे नाव देवनागरीत, कन्नडमध्ये किंवा रोमन लिपीत कसेही लिहिले तरी हा संकेतांक बदलत नाही. मात्र तो एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. तेच गाणे पुन्हा वाजवून मुद्रित केले, किंवा कार्यक्रमातील मुद्रण वेगळे प्रकाशित केले, तर त्याला नवा संकेतांक लागतो. वितरक बदलताना जुना संकेतांक तसाच ठेवला नाही, तर तोवरची श्रवणसंख्या नव्या नोंदीला जोडली न जाण्याचा धोका असतो.

कन्नड, मराठी आणि कोकणी गाण्यांपुढे ही अडचण अधिक आहे. एकच शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिला जातो. ‘वाट’, ‘वात’ आणि ‘वाठ’ यांतील भेद रोमन लेखनात पुसला जातो. शोधणाऱ्याने एक लेखन वापरले आणि बँडने दुसरे, तर गाणे उपलब्ध असूनही सापडत नाही. सर्व सेवांवर एकच लेखन ठेवणे आणि शक्य असेल तेथे मूळ लिपीतील नाव देणे, हा त्यावर साधा उपाय आहे.

एका गाण्यात तीन हक्क

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार एका गाण्यात किमान तीन वेगळे हक्क असतात. शब्द ही साहित्यकृती. तिचा कर्ता गीतकार. चाल ही संगीतकृती. तिचा कर्ता संगीतकार. तिसरी कृती ध्वनिमुद्रणाची. कायद्याच्या दृष्टीने तिचा कर्ता निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते. याखेरीज गायक आणि वादक यांना सादरकर्ते म्हणून ५० वर्षांचे हक्क आहेत.

२१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने या व्यवस्थेत मोठा बदल केला. ‘मीटर मेले वन अँड हाफ’ ज्या वर्षी अल्बममध्ये आले, तेच हे वर्ष. तोपर्यंत गीतकार आणि संगीतकार यांचे सर्व हक्क एकरकमी मोबदल्यात कायमचे लिहून घेण्याचा प्रघात होता. दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्यांना मिळाला. हा हक्क कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज अन्य कोणालाही लिहून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये नव्या तरतुदींनुसार तिची पुन्हा नोंदणी झाली.

चित्रपटगीतांच्या संदर्भात लढल्या गेलेल्या या लढाईचे फळ स्वतंत्र बँडलाही मिळते. मात्र बँडच्या बाबतीत गीतकार, संगीतकार, वादक आणि निर्माता ही चारही नाती त्याच चार मित्रांत असतात, आणि गोंधळ तेथेच होतो. समजा, एका गायिकेने शब्द लिहिले, गिटारवादकाने चाल बांधली, बेसवादकाने ध्वनिमुद्रणाचा खर्च केला आणि ड्रमवादकाने ठेका असा बदलला की गाण्याचे रूपच पालटले. या चौघांत शंभर रुपये कसे वाटायचे? समान वाटणी हे एक उत्तर आहे. शब्द आणि चाल यांचा वाटा वेगळा काढून केवळ ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न समान वाटणे हे दुसरे. कोणतेही उत्तर न्याय्य असू शकते; अट एकच, ते लेखी असावे. सर्वांचे एकमत असते ते प्रकाशनाच्या आधी. गाणे गाजल्यावर किंवा एखादा सदस्य बाहेर पडल्यावर प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

बाहेरच्या संस्थेला हक्क देतानाही कायद्यातील काही तरतुदी उपयोगी पडतात. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. करारात वेगळे ठरलेले नसेल आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर ते मूळ कर्त्याकडे परततात. कॉपीराइटसाठी सरकारी नोंदणी बंधनकारक नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. प्रकाशित ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे मात्र कायद्याच्या कलम ५२-अ नुसार आवश्यक आहे.

दुसऱ्या कलावंताला तेच गाणे आपल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित करायचे असल्यास मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्यावर, पूर्वसूचना आणि रॉयल्टी देऊन, ते करता येते. समाजमाध्यमांवर सर्रास दिसणाऱ्या पुनर्गायनांपैकी अनेकांना ही तरतूद ठाऊकही नसते.

श्रवणसंख्येचे गणित

श्रवणसेवा प्रत्येक श्रवणामागे ठरावीक रक्कम देतात, हा समज बरोबर नाही. एखाद्या देशातील वर्गणी आणि जाहिराती यांचे उत्पन्न एकत्र केले जाते आणि एकूण श्रवणांतील वाट्यानुसार ते हक्कधारकांत विभागले जाते. जेथे बहुसंख्य श्रोते विनामूल्य ऐकतात, तेथे ही रक्कम साहजिकच तुटपुंजी असते. स्पॉटिफायवर ३० सेकंदांनंतर श्रवण मोजले जाते. २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान एक हजार श्रवणे नसलेल्या मुद्रणाला या सेवेवर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. निधी अत्यल्प रकमांत विखुरला जाऊ नये, असे कंपनीचे म्हणणे. मात्र पहिले सिंगल घेऊन आलेल्या बँडला सुरुवातीच्या शेकडो श्रवणांचा मोबदला त्यामुळे मिळत नाही.

म्हणून अनेक बँड सिंगलकडे थेट उत्पन्न म्हणून पाहत नाहीत. महोत्सवाच्या आयोजकाला दाखवायचे ओळखपत्र, मालिका किंवा जाहिरातीत वापराची परवानगी मिळवण्याचे साधन आणि पुढील कार्यक्रमाचे निमंत्रण अशी त्याची भूमिका असते. यांपैकी वापराच्या परवानगीसाठी तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींची मालकी स्पष्ट असणे अनिवार्य ठरते. मालकी सांगता न आल्यामुळे संधी हुकली, तर तो दोष संगीताचा नसून कागदपत्रांचा असतो.

हरवलेली गाणी

इंटरनेटवर गेलेले गाणे कायम राहते, ही समजूतही तपासून पाहावी लागते. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ने ‘प्लॅन बी’ हा संग्रह इंटरनेटवरून विनामूल्य दिला, तेव्हा तो धाडसी प्रयोग होता. त्या काळात जगभरातील अगणित स्वतंत्र बँड आपली गाणी ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर ठेवत. मार्च २०१९ मध्ये असे उघड झाले की, संगणकीय स्थलांतराच्या कामात २००३ ते २०१५ या काळात तेथे चढवलेले संगीत नष्ट झाले आहे. हा आकडा पाच कोटी गाण्यांहून अधिक असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ज्यांनी मूळ प्रत जपली नव्हती, त्यांच्यासाठी ते नुकसान कायमचे होते.

भारतातही ‘रेसो’ ही सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलने ‘विंक’ ही संगीतसेवा बंद करण्याचे जाहीर केले. गाणी अन्य सेवांवर उरली तरी श्रोत्यांनी जमवलेल्या याद्या आणि श्रवणाचा इतिहास सेवेसोबतच संपतो. वितरकाचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले तरी, करारातील अटींनुसार, गाणे सेवांवरून उतरू शकते. दुकानातून विकली गेलेली कॅसेट किंवा तबकडी निदान कोणाच्या तरी घरच्या कपाटात राहत असे. ऐकण्यापुरत्या मिळालेल्या गाण्याची प्रत मात्र श्रोत्याकडे नसते.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. अंतिम मास्टर आणि प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र थर संक्षेप न करता किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे. सोबत आयएसआरसी, श्रेयनामावली, ध्वनिमुद्रणाची तारीख, स्थळ आणि वाटणीचा लेखी करार जोडणे. वितरकाच्या खात्याचा प्रवेश एकाच सदस्याकडे न ठेवणे. गाण्याचे शब्द मूळ लिपीत जपणे. एका छोट्या हार्ड डिस्कवर आणि दोन पानांच्या कागदावर हे सारे मावते.

यशवंतपूरच्या घाऊक बाजारात महाराष्ट्रातून येणाऱ्या कांद्याच्या प्रत्येक गाडीची आवक नोंदवली जाते. माल कोणाचा, वजन किती आणि भाव काय, हे ठरल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. गाण्याचे मोल वजनावर ठरत नाही. पण माल कोणाचा, हा प्रश्न तेथेही पहिलाच आहे. भाड्याच्या खोलीत सराव करून आपल्या शहराचे शब्द गाण्यात आणणाऱ्या बँडने त्याचे उत्तर शुक्रवार उजाडण्यापूर्वी लिहून ठेवावे, हे उत्तम. गायिकेने शेवटी स्वतःचे नाव उच्चारून जे साधले, त्याची गरज १९०२ इतकीच आजही आहे.